आर्टिकलशिप पुरी करू, की कराडला परत जाऊ?

पत्र

मी कराडची. पुण्यातून कायद्याची पदवी घेतली आणि सॉलिसिटर, म्हणजे करार, मिळकतीचे कागद आणि दाव्यांची तयारी बघणारी वकील, व्हायचं म्हणून मुंबईत, फोर्टमधल्या एका फर्ममध्ये आर्टिकलशिप, म्हणजे तीन वर्षांची उमेदवारी, धरली. आता दुसरं वर्ष अर्धं संपलंय. माझ्या आधीच्या मुलामुलींनी सुरुवातीला जी कामं केली, म्हणजे तारखांची यादी, टायटलच्या, म्हणजे मिळकतीच्या मालकीच्या, कागदांचा सारांश, ड्राफ्टचा पहिला खर्डा, ती आता एआय पाच मिनिटांत करून देतं आणि आम्ही ते नीट मांडून पुढे पाठवतो. गेल्या महिन्यात कोर्टात द्यायच्या एका रिप्लायमध्ये चार निवाडे होते. त्यातले दोन मला कुठेच सापडले नाहीत. सीनियर असोसिएटना सांगितलं तर म्हणाले, ‘ते दोन काढ, बाकीचे राहू दे, वेळ नाही.’ बाकीचे दोन मीही वाचले नव्हते. रिप्लाय फाइल झाला. तेव्हापासून मला झोप लागत नाही. त्यात सगळे म्हणतात की प्रोबेटचं, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाचा शिक्का घ्यायचं, काम गेलं, मोठे दावे हायकोर्टातून सिटी सिव्हिल कोर्टाला गेले, परदेशी फर्म येतायत. बाबा कराडला वकिली करतात. त्यांचं म्हणणं, आता कोल्हापूरला हायकोर्टाचं बेंच झालंय, दुसऱ्यांच्या फायली किती दिवस वाहणार, परत ये. मैत्रीण म्हणते, इंग्लंडची परीक्षा दे. मी काय करू?
– मृण्मयी (नाव बदललं आहे)

उत्तर

मृण्मयी,

आधी तो फाइल झालेला रिप्लाय. तुमचे बाकीचे प्रश्न पुढच्या महिन्यातही इथेच असतील, पण याला तारीख आहे. उरलेले दोन निवाडे आजच काढा. एखाद्या डेटाबेसवर नाव टाकलं आणि काहीतरी समोर आलं, एवढ्यावर थांबू नका. कोर्टाच्या संकेतस्थळावरून निकालाची मूळ प्रत उतरवा आणि ज्या परिच्छेदाचा आधार घेतलाय तो खरंच तेच म्हणतोय का, ते वाचा. निवाडा खरा असून आपल्या विरुद्ध जात असेल तर तोही तितकाच घातक, कारण समोरचे वकील तोच उघडून तुमच्या सीनियरना वाचून दाखवतील.

दोन्ही ठीक निघाले तर प्रश्न मिटला. नाही निघाले तर असोसिएटकडे पुन्हा जाऊ नका. मॅटर ज्या पार्टनरकडे आहे त्यांना ईमेल करा, तोंडी सांगून सोडू नका. चार ओळी पुरतात: ‘अमुक तारखेच्या रिप्लायमधले निवाडे तपासले. पैकी एक कुठेही सापडत नाही, दुसरा आपल्या मुद्द्याला धरून नाही. कुठे कुठे शोधलं ते सोबत जोडलं आहे. पुढच्या तारखेआधी दुरुस्त करावं लागेल असं वाटतं.’ कोण काय म्हणालं, कुणी टाकलं, कुणी दुर्लक्ष केलं, यातलं अक्षरही लिहू नका. पार्टनरना कोर्टासमोर काय करायचं ते कळतं: त्या निवाड्यांचा आधार मागे घेतो असं पुढच्या तारखेला उभं राहून सांगायचं, गरज पडली तर तसं लेखी द्यायचं. स्वतःहून सांगणाऱ्याला न्यायाधीश सहसा सांभाळून घेतात. समोरच्याने उघडं पाडलं की मग गोष्ट वेगळी.

त्या ईमेलला काय उत्तर येतं, ते नीट बघा. तुमच्या बाकीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे.

हे मी इतक्या काळजीने लिहितेय याला कारण आहे. जून २०२५ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायाधीश डेम व्हिक्टोरिया शार्प यांच्या पीठापुढे अशीच प्रकरणं आली. कतार नॅशनल बँकेविरुद्धच्या एका दाव्यात ४५ निवाड्यांचे दाखले होते आणि त्यातले १८ अस्तित्वातच नव्हते. ते शोधले होते खुद्द क्लायंटने, एआयच्या मदतीने. सॉलिसिटरने ते न तपासता कोर्टात दिले. क्लायंटने वकिलाच्या अभ्यासावर विसंबायचं की वकिलाने क्लायंटच्या, असा कोर्टाचा साधा सवाल होता आणि प्रकरण सॉलिसिटरांच्या नियामक संस्थेकडे गेलं. आपल्याकडे ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकराचा एक फेसलेस (करदात्याशी समोरासमोर न येता केलेला) आकारणी आदेश रद्द केला. आदेशात आधाराला घेतलेले निवाडे कुठेच नव्हते. एआयने दिलेलं पडताळल्याशिवाय वापरू नका, असं कोर्टाला सरकारी अधिकाऱ्यांना लिहून सांगावं लागलं. त्याआधी बेंगळुरूच्या आयकर अपिलीय न्यायाधिकरणाने तर आपलाच आदेश मागे घेतला होता, कारण त्यातच असे दाखले शिरले होते. तेव्हा ‘वेळ नाही’ हे उत्तर आता कुठल्याच टेबलावर चालत नाही.

आता तुम्ही जे थेट विचारलं नाहीत, पण पत्रभर दिसतंय ते. यंत्र सगळं करतं, मग मी शिकतेय काय?

एक साधं उदाहरण घेऊ. सातारा किंवा पुणे जिल्ह्यातली जमीन, विकत घेणारी मुंबईची कंपनी, टायटलसाठी ३० वर्षांचे कागद तुमच्या टेबलावर. पीडीएफ एआयला दिल्या तर सारांश सुरेख येतो: खरेदीखतं, इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा उतारा), फेरफारांचे (जमिनीच्या दप्तरातल्या नावबदलाच्या नोंदींचे) क्रमांक आणि शेवटी टायटल स्वच्छ. आता तुम्ही स्वतः जुना फेरफार उघडा. हाताने लिहिलेला, शाई पुसट, स्कॅन तिरका. त्यात तलाठ्याची एक ओळ असते: ‘बहिणींनी जबाब देऊन हक्क सोडल्याने नावे कमी केली.’ नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र आहे का? दुय्यम निबंधकाच्या दप्तरात शोधलं तर नाही. जमिनीतला हिस्सा तलाठ्यापुढच्या जबाबाने सुटत नाही, त्याला नोंदलेला दस्त लागतो आणि फेरफाराने मालकी मिळत नाही की जातही नाही, हे बाबांनी तुम्हाला लहानपणीच ऐकवलं असेल. त्या बहिणींची मुलं आज कुठे तरी आहेत. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतःच हक्क आहे असं सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या विनीता शर्मा निकालानंतर, म्हणजे २०२० पासून, त्यांच्या वकिलांचा आवाजही वाढला आहे. सातबाऱ्याच्या डोक्यावर ‘भोगवटादार वर्ग-२’, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन, असेल आणि जुन्या नोंदीत ‘नवीन व अविभाज्य शर्त’ असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी कुठे आहे, हा पुढचा प्रश्न. त्याच्याही मागे गेलात तर मोडीतला कागद निघतो आणि तिथे माणूसच बसवावा लागतो.

सारांश चुकीचा नव्हता. त्यात जे लिहिलं होतं ते कागदात होतं. जे कागदात असायला हवं होतं आणि नव्हतं, ते त्याला दिसलं नाही. सॉलिसिटरला फी मिळते ती या दुसऱ्या गोष्टीसाठी. फोर्टमधल्या फर्ममध्ये तलाठ्याचं अक्षर लागणारी, ‘जबाबावरून’ या शब्दापाशी थबकणारी मुलगी रोज मिळत नाही. तुम्ही स्वतःला फायली वाहणारी समजताय, ते मला अजिबात पटत नाही.

म्हणून यंत्राला नाही म्हणू नका, पण क्रम उलटा करा. आधी स्वतः वाचा, आपली टिपणं काढा, मग यंत्राचा सारांश घ्या आणि दोन्हींत फरक कुठे पडला ते बघा. वेळ जास्त जातो, मान्य. आठवड्यातून एका मॅटरला तरी करा. आणि एक वही ठेवा. आपल्या हातून गेलेला प्रत्येक निवाडा, तो कुठे वाचला, कुठला परिच्छेद, तारीख. उद्या कुणी विचारलं तर वही पुढे करता येईल आणि वर्षभरात जो अभ्यास होईल तो कुठल्या क्लासमध्ये होत नाही.

आणखी एक, कारण तुमच्या पत्रात ‘एआय टूल’ कुठलं ते लिहिलेलं नाही. फर्मने पैसे भरून, करार करून घेतलेली सोय वेगळी आणि फोनवरचं फुकटचं अ‍ॅप वेगळं. क्लायंटचे कागद दुसऱ्या प्रकारात कधीही टाकू नका. क्लायंटने आपल्याला जे सांगितलं ते न सांगण्याचं बंधन भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. तपास यंत्रणांनी वकिलांनाच समन्स पाठवायला सुरुवात केली तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२५ च्या निकालात याच कलमाच्या आधारावर त्यांना अडवलं. कलमातल्या अपवादात बसत असेल आणि वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी संमती असेल, तरच समन्स. हे संरक्षण क्लायंटसाठी आहे. आपणच ते कागद कुठल्याशा सर्व्हरवर ठेवून आलो, तर कोर्टात कुठल्या तोंडाने सांगणार? त्याच निकालात कंपन्यांच्या पगारी वकिलांना कलम १३२ चा आधार मिळणार नाही असंही म्हटलंय. आर्टिकलशिपनंतर कंपनीच्या लीगल डिपार्टमेंटमध्ये जायचा विचार डोक्यात आला तर हे लक्षात असू द्या. तिथला पगार चांगला, पण ही कवचकुंडलं तिथे नाहीत.

आता प्रोबेट. हे खरं आहे आणि लहान फर्मांना लागलंही आहे. मुंबईतलं मृत्युपत्र किंवा मुंबईतली स्थावर मिळकत असेल तर हिंदूंना प्रोबेट सक्तीचं होतं. भारतीय उत्तराधिकार कायद्याचं कलम २१३ म्हणजे कित्येक फर्मांच्या घरभाड्याची सोय होती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ते कलम काढून टाकलं. मला विचाराल तर हे व्हायलाच हवं होतं. कराडच्या माणसाने कराडला मृत्युपत्र केलं तर तिथल्या शेताला प्रोबेट नको आणि त्याच मृत्युपत्रातल्या दादरच्या फ्लॅटला मात्र हवं, हे कुठल्याही विधवेला समजावून सांगताना वकिलालाच ओशाळं व्हायचं. पण काम संपलं हे खरं नाही. सक्ती गेली, सोय राहिली. भांडण होणार असं दिसत असेल तर प्रोबेट आजही घेता येतं आणि घ्यावं. दोन साक्षीदारांच्या सह्या, मृत्युपत्र करणाऱ्याची मनःस्थिती, डॉक्टरांचा दाखला या गोष्टी आता मृत्युपत्र लिहितानाच जास्त काटेकोर बघाव्या लागतील, कारण मागाहून कोर्टाचा शिक्का बसेलच असं नाही. सोसायटीचे सेक्रेटरी आणि बँकेचे मॅनेजर अजून काही वर्षं प्रोबेट मागत राहतील. त्यांना कायदा बदलल्याचं पत्र लिहून घेणारा क्लायंट तुमच्याच दारात येईल.

सिटी सिव्हिल कोर्टाची मर्यादा १ कोटीवरून १० कोटींवर गेली, त्यामुळे साधे दिवाणी दावे उच्च न्यायालयाच्या ओरिजिनल साइडवरून, म्हणजे थेट तिथेच दाखल होणाऱ्या कामातून, कमी झाले. व्यापारी वाद, लवाद, कंपन्यांची मॅटर यांचा रेटा आहेच. आणि सिटी सिव्हिलमध्ये तुमच्यासारख्या नवख्या मुलीला उभं राहायला मिळतं, तोंड उघडायला मिळतं. हा तोटा आहे असं मला वाटत नाही.

परदेशी फर्मांची धास्ती फार घेऊ नका. २०२३ चे बार कौन्सिलचे नियम, मग मे २०२५ ची दुरुस्ती, असं ते चाललंय. त्यांना त्यांच्या देशाच्या आणि आंतरराष्ट्रीय कायद्यावर सल्ला देता येईल, आपल्या कोर्टात उभं राहता येणार नाही. त्या सातबाऱ्यावर लंडनची फर्म मत देणार नाही. मोठ्या सौद्यांमधल्या मोठ्या फर्मांनी काय ती चिंता करावी.

कोल्हापूरबद्दल बाबांचं म्हणणं मी हलकं मानत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच सुरू झालं. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या पक्षकारांना आणि वकिलांना मुंबईच्या फेऱ्यांतून सुटका मिळाली. त्यासाठी तिथल्या वकिलांनी किती वर्षं आंदोलन केलं ते तुमच्या घरातच माहीत असेल. तिथे रिट आहेत, अपिलं आहेत, फौजदारी काम आहे आणि नव्या बेंचवर नव्या माणसाला जागा लवकर मिळते. पण तुम्ही जे शिकताय ते, म्हणजे मोठ्या व्यवहारांचे करार, व्यापारी दावे, कागद तयार करून कौन्सेलला (कोर्टात उभं राहून बाजू मांडणाऱ्या वकिलाला) ब्रीफ देणं, हे काम कोल्हापूरला आज मुंबईइतकं नाही. ओरिजिनल साइडचे दावे मुंबईचेच. परत गेलात तर बाबांची वकिली पुढे चालवायला जाल, सॉलिसिटरचं काम करायला नाही. दोन्हीही सन्मानाचं आहे, फक्त कुठल्या कामासाठी जातोय ते स्वतःशी स्पष्ट असू द्या.

सॉलिसिटरच्या परीक्षेचा काय उपयोग, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत. कदाचित विचारायला संकोच वाटला असेल. कायद्याच्या दृष्टीने ॲटर्नींचा, म्हणजे सॉलिसिटरांचा, वेगळा वर्ग १९७६ च्या दुरुस्तीनंतर उरला नाही. तुम्ही परीक्षा पास झालात काय आणि नाही झालात काय, सनद ॲडव्होकेटचीच. तरी बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा आजही कठीण समजली जाते आणि फर्ममध्ये पार्टनर घेताना ती बघितली जाते. माझ्या मते तिची खरी किंमत पाटीत नसून त्या तीन वर्षांत आहे. कन्व्हेयन्सिंगचा, म्हणजे मिळकत हस्तांतराच्या दस्तांचा, अभ्यास इतक्या खोलात दुसरीकडे कुणी करून घेत नाही. पण त्या तीन वर्षांत शिकवणारं कुणी समोर असेल तरच.

इंग्लंडचं थोडक्यात. २०२१ पासून तिथे सॉलिसिटर होण्यासाठी एसक्यूई ही परीक्षा आहे, दोन टप्प्यांत. दोन्हींची फी मिळून ४ हजार ९०० पौंडांच्या आसपास जाते. क्लास, प्रवास आणि राहणं वेगळं. पहिल्या टप्प्यात ३६० बहुपर्यायी प्रश्न, तेही सगळे इंग्लंडच्या कायद्यावर. दुसऱ्या देशात आधीच वकील असलेल्यांना तिथल्या दोन वर्षांच्या अनुभवाची अट लागत नाही, म्हणून मैत्रिणीला ती वाट सोपी दिसते. पण परीक्षा पास होणं आणि तिथे व्हिसा देणारी नोकरी मिळणं या दोन गोष्टी आहेत. तिथे राहायची इच्छा असेल तर जरूर द्या. इथल्या कंटाळ्यावर उपाय म्हणून बाबांचे पाच-सहा लाख घालवू नका.

मग काय करायचं? माझं मत, आर्टिकलशिप पुरी करा. निम्मा रस्ता झालाय आणि आत्ता सोडलीत तर हातात ना इकडचं ना तिकडचं. पण याच फर्ममध्ये पुरी करायची की नाही, ते येत्या दोन महिन्यांत ठरवा. पार्टनरना भेटायची वेळ मागा आणि तीन गोष्टी मागून बघा: एका टायटलचं काम सुरुवातीपासून रिपोर्टवर सही होईपर्यंत, एका व्यापारी दाव्यात कौन्सेलच्या कॉन्फरन्सला बसणं आणि सिटी सिव्हिलमध्ये तारखांना स्वतः उभं राहणं. मानधनाचं बोलणंही त्याच भेटीत काढा. शहरातल्या ज्युनियर वकिलांना महिना किमान २० हजार द्यावेत, अशी शिफारस बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये केली आहे. ती बंधनकारक नाही आणि आर्टिकल्ड क्लार्कसाठी लिहिलेलीही नाही, पण बोलायला आधार म्हणून पुरते. मुंबईत खोलीचं भाडं घरून मागवावं लागतं म्हणून कितीतरी चांगली मुलं हा पेशा सोडतात. याचं मला फार वाईट वाटतं आणि मोठ्या फर्मांनी याबद्दल गप्प बसावं हे मला मान्य नाही.

बाबांशी मात्र भांडू नका. त्यांना तुम्ही हव्या आहात, एवढाच त्याचा अर्थ. त्यांच्याकडे येणाऱ्या पक्षकारांपैकी कित्येकांची मुलं मुंबईत, फ्लॅट मुंबईत. मृत्युपत्रं, बक्षीसपत्रं, वाटण्या ही कामं आत्तापासून दोघांनी मिळून करायला हरकत नाही. फक्त फर्मच्या पार्टनरना आधी सांगा आणि तिथला क्लायंट इथे, इथला तिथे होणार नाही हे सांभाळा. आर्टिकलशिप संपल्यावर कोल्हापूर असो की फोर्ट, निवड तेव्हा करा. बेंच कुठे जात नाही.

आणि पार्टनर जर त्या ईमेलवर गप्प बसले, किंवा तुम्हालाच झापलं, तर राजीनामा लगेच टाकू नका. उरलेली मुदत दुसऱ्या सॉलिसिटरकडे पुरी करायची तर काय लागतं, आधीचे महिने धरले जातात का, ते लॉ सोसायटीच्या कार्यालयात लेखी विचारा, उत्तर लेखीच घ्या, दुसरीकडे शब्द पक्का करा आणि मग सोडा.